उत्तरापुरती जागा

१

तुमच्या दारात एखादी बाई आली, आणि काही न बोलता तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून सुरात रडू लागली, तर तुम्ही काय कराल हो? घाबराल. 'कोण गेलं?' म्हणून विचाराल. पुसदच्या पेठेतलं कोणीही तेच करील. पण गावाबाहेर दिग्रसच्या रस्त्याला जो बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथल्या बायका असं विचारत नाहीत. त्या आधी उत्तर देतात.

तिथली रीतच तशी. सासरची लेक माहेरी आली, की दारातच आईच्या गळ्यात पडते. एक लांब सूर लावते, त्या सुरात आईला हाक मारते, इतक्या दिवसांचं सुखदुःख सांगते, आणि उत्तरासाठी थांबते. त्या थांबण्यात आईनं आपला सूर लावायचा. मग पुन्हा लेक, पुन्हा आई. दोघींचे डोळे मिटलेले, तोंडं एकमेकींच्या खांद्यात. पोटातलं सगळं बाहेर आलं, की डोळे पुसायचे, आईनं तांब्याभर पाणी द्यायचं, लेकीनं चूळ भरून दोन घोट प्यायचे. त्यानंतर दोघी हसतात आणि मगच 'कशी आहेस' विचारतात. जवळच्या कापूस पिंजायच्या जीनमध्ये नवाच आलेला एक कारकून एकदा असा आवाज ऐकून धोतर सावरत तांड्यात धावला होता. 'कोण वारलं हो?' म्हणाला. बायका पुढे कितीतरी दिवस त्याची नक्कल करून हसत होत्या.

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात हंसाबाईची धाकटी लेक रामी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बैलगाडीतून जपून उतरली, दारात आली, आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं, सूर लावला आणि थांबली.

हंसाबाईच्या तोंडून आवाज निघाला नाही.

तिनं तोंड उघडलं होतं. लेकीच्या पाठीवरून हातही फिरत होता. तिच्या काचळीवरचे, म्हणजे चोळीवर टाकलेले, आरसे तळव्याला टोचत होते, लेकीच्या दंडापर्यंतच्या बांगड्या कानाशी वाजत होत्या. पण सूर काही येईना. रामीनं पुन्हा रडून पाहिलं, पुन्हा थांबली. शेवटी तिनंच आपले डोळे पुसले, आणि रांजणातून आपल्या हातानंच पाणी घेतलं.

समोरच्या ओट्यावर सोनीबाई बसली होती. तांड्यातल्या निम्म्या पोरांना तिनंच जगात आणलेलं, म्हणून तिला कोणालाही काहीही बोलायचा हक्क होता.

"अवं हंसा, लेक दारात रडून राह्यली अन् तू लाकडावानी उभी! काय झालं तुले?"

"गळा बसला, सोनीबाई."

"गळा नाई बसला. उत्तर पोटात ठेवलं तू. ठेवलेलं उत्तर नासते, सांगून ठेवतो."

२

गळा बसलेला नव्हता, हे हंसाबाईलाही ठाऊक होतं.

थोरली जमनी. तिला मारेगावकडच्या एका तांड्यात दिली होती. फार लांब. लग्नानंतर ती माहेरी यायची ती पहिल्या बाळंतपणालाच येणार होती. पण दोन वर्षांमागच्या त्या पावसाळ्यात नाले उतरेनात, गाडी निघेना, आणि एक दिवस तिकडून माणूस आला तो सगळं उरकल्याची खबर घेऊन. बाळही गेलं, बाळंतीणही गेली. हंसाबाई मेलेल्या लेकीसाठी रडली. ते रडणं वेगळं असतं, त्याला उत्तर नसतं. पण दारात येणाऱ्या लेकीसाठी तिनं जे साठवून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. रामी दारात आली तेव्हा ते गळ्याशी आलं, आणि हंसाबाईला भीती वाटली. हे जमनीचं आहे, रामीला कसं द्यायचं? दिलं आणि रामीचंही तसंच झालं तर?

तिचा नवरा पूनमसिंग आधी तिला 'जमनीची माय' म्हणायचा. कोणी काही न सांगता तो 'रामीची माय' म्हणू लागला होता. चांगला माणूस. जीनच्या साहेबाच्या बंगल्यावर चौकीदार होता. पण दर वेळी त्यानं हाक मारली, की हंसाबाईला वाटायचं, घरातलं एक दार लोटून घेतलं गेलं.

आता तिच्या जिवाला एकच घोर होता. रामी सुखरूप सुटावी. बाकी काही नको.

३

त्याच दिवसांत जीनच्या साहेबाची मुंबईला बदली झाली. सामान बांधताना त्यानं पूनमसिंगला एक चावीचा ग्रामोफोन दिला, आणि त्याच्यासोबत एक जाडजूड पुस्तक.

"पुस्तक नोय ते," पूनमसिंग ओट्यावर बसून सांगू लागला. "आल्बम म्हणतात याले. पान उलटवलं का तबकडी."

खरंच तसं होतं. प्रत्येक पान म्हणजे जाड कागदाची पिशवी, आणि तिच्यात एकेक काळी तबकडी. वरच्या पुठ्ठ्यावर एका विलायती बाईचा फोटो. पायघोळ पांढरा झगा, उघडे दंड, हातात एक बांगडी नाही. डोळे मिटलेले. दोन्ही हात थोडे पुढे केलेले.

"हिनं डोळे कायले मिटले?" रामीनं विचारलं.

"गाणं म्हणून राह्यली नं."

"गाणं म्हणाले डोळे कायले मिटा लागतात?"

"तुझी माय भाकर थापते तवा जीभ कायले बाहेर काढते? तसंच."

रामी हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली, म्हणून हंसाबाईनं नवऱ्याला काही उलट उत्तर दिलं नाही.

ग्रामोफोन पुढच्या खोलीत ठेवला. त्या खोलीत वेचणीचा कापूस भरलेला होता, पार छपराच्या कवेलूंपर्यंत. गाडी मिळेपर्यंत तो घरातच राहायचा. कापसाच्या खोलीची एक गंमत असते. तिथं आवाज घुमत नाही. बोललेलं सगळं कापूस पिऊन टाकतो, आणि जे उरतं ते अगदी कानाशी येतं. तबकडी लावली, तर ती बाई कर्ण्यातून नाही, खांद्यामागून गायल्यासारखी वाटे.

पिन बोथट झाली म्हणून पुसदहून वाहिद आला. सायकली, स्टोव्ह, लग्नातले भोंगे, सगळ्याची दुरुस्ती करणारा. त्यानं आल्बम मांडीवर घेऊन उलटपालट केला.

"जाझ हाय हे, भाभी. नागपूरले क्लबात वाजते. मी गेलतो तिथं भोंगा बसवाले." त्यानं पुढच्या तबकड्यांवर बोट ठेवलं. "हे गाणे सगळ्याइले पाठ असतात. जो तो गाते, लोकं नाचतात. अन् हे मागचे..." त्यानं शेवटची पानं चाळली, "हे कोणी मागत नाई. मशहूर गाण्याच्या मागं बसवून देतात, का कोणीतरी ऐकंल म्हणून."

"मग कोणी ऐकते?"

"आता तुमी ऐकसान," वाहिद म्हणाला, आणि नवी पिन लावून गेला.

४

पुढची गाणी रामीला आवडली. तिला त्यातला शब्द कळत नव्हता, पण ठेका होता, आणि तंगूस नावाचा त्यांचा गोऱ्हा त्या ठेक्यावर कान हलवतो असं तिचं म्हणणं होतं.

हंसाबाईचं लक्ष शेवटच्या तबकडीवर गेलं. त्यात ठेका नव्हता. एक पेटीसारखं विलायती वाद्य वाजे, पियानो म्हणतात ते, पाणी ठिबकावं तसं हळूहळू. आणि बाई गाई. गाई म्हणजे काय, एक लांब सूर लावी, तो खाली उतरे, शेवटी किंचित तुटे, आणि बाई थांबे. पियानो ठिबकत राही. मग ती पुन्हा सूर लावी.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हंसाबाई निवडण-टिपण करत होती. हातातलं सूप तसंच राहिलं.

हे गाणं नव्हतं. हे दारातलं रडणं होतं.

तिनं मनाला समजावलं. विलायती बाई. तिला तांडा काय माहीत, आईला 'याडी' म्हणतात ते काय माहीत? सगळ्या दुनियेतल्या बाया रडतात, आणि गळा सगळ्यांचा एकसारखाच. तिनं वाहिदलाही विचारलं होतं, तो पिनांची डबी द्यायला परत आला तेव्हा.

"ही मधात काहून थांबते?"

"असंच असते यात, भाभी. बाई दम घेते, बाजावाला वाजवते. मंग बाई."

पटण्यासारखं होतं. हंसाबाईनं मान डोलावली. पण रीतीत वाढलेल्या बाईला एक गोष्ट कळते. दम घ्यायला थांबणं वेगळं, आणि उत्तरासाठी थांबणं वेगळं. दम घेणाऱ्याचं थांबणं मिटलेलं असतं. उत्तरासाठी थांबणाऱ्याचं उघडं असतं.

हे उघडं होतं.

५

ती तबकडी लावायची नाही असं तिनं ठरवलं. आणि रोज दुपारी, पूनमसिंग कामावर आणि रामी झोपलेली असताना, धूळ पुसायच्या निमित्तानं ती पुढच्या खोलीत जाई आणि तीच लावी.

त्या थांबण्याला तिचं उत्तर गळ्याशी येऊन उभं राही. तेवढंच तिला बरं वाटे. ती ओठ घट्ट मिटून घेई. बाई पुन्हा सूर लावी. पुन्हा थांबे.

सुरुवातीला त्या थांबण्यात चुलीवरची भाकर उलटण्याइतका वेळ जाई. काही दिवसांनी हंसाबाईच्या लक्षात आलं, की भाकर उलटून, शेकून, टोपलीत टाकून होईल एवढा वेळ जातो, तरी बाई गप्पच आहे. पियानो ठिबकतोय.

'कमान सैल झाली असंल,' ती स्वतःशी म्हणाली. चावी पूर्ण भरली. काही फरक पडेना. चाल मंदावली असती तर पियानोही जाडा वाजला असता. तो तर तसाच, साफ.

मग तिच्या मनात एक साधा हिशेब आला आणि तो काही केल्या जाईना. तबकडी तर तेवढीच आहे. पिन कडेकडून मध्याकडे जाते, तिथं गाणं संपतं. थांबणं वाढलं असेल, तर गाण्यातलं काहीतरी कमी व्हायला हवं. पण कमी काहीच झालं नव्हतं. मग हा जास्तीचा वेळ येतो कुठून?

तिनं खोलीकडे पाहिलं. पांढरा कापूस, पांढरा उजेड. दार उघडंच होतं.

"याडी," आतून रामीची हाक आली, "तेच तेच काहून लावतं?"

"पुसून राह्यली होती. हात लागला."

रामी कूस बदलून पडली. नंतर जेवताना म्हणाली, "ते नको लावत जाऊ. ते लावलं का पोटातलं थांबते."

"थांबते म्हणजे?"

"हालत नाई. ऐकल्यावानी करते."

६

हे दारातलंच रडणं आहे अशी खात्री पटवली ती सोनीबाईनं, आणि तीही नकळत.

एका दुपारी तबकडी चालू होती. हंसाबाई कापसाला टेकून उभी. बाईनं सूर तोडला आणि थांबली, तेवढ्यात बाहेर लगबगीनं पावलं वाजली. दारात सोनीबाई. हातात पाण्यानं भरलेला तांब्या, डोक्यावरची ओढणी नीट ओढून घेतलेली, जशी पाहुणी आल्यावर घेतात.

"कोण आलं वं?" ती आनंदानं म्हणाली. "मले आवाज आला. तू एकटी, रामी अवघडलेली, म्हणलं पाणी मीच नेतो. कोठी हाय पाहुणी?"

हंसाबाईनं ग्रामोफोनकडे बोट दाखवलं.

सोनीबाई हसली नाही. ती तशीच उभी राहिली. फिरणाऱ्या तबकडीतून पियानो ठिबकत होता. म्हातारीचे ओठ हलले, घशातून सूर उमटणार असं वाटलं, आणि तिनं पटकन आपला मोकळा हात तोंडावर दाबला.

बाईनं पुन्हा सूर लावला तेव्हा तिनं हात काढला.

"बंद कर ते."

हंसाबाईनं पिन उचलली.

"तोंड दिसत नाई, अंगाले हात लागत नाई, तिले उत्तर नाई देत, हंसा. आपण डोळे मिटतो कारण आधी पाह्यलेलं असते कोण आली ते. समजलं का?"

"गाणं होय ते. वाहिद म्हणे जाझ."

"वाहिदले सायकल समजते." सोनीबाईनं आणलेलं पाणी दारातल्या तुळशीला घातलं, तांब्या उपडा केला, आणि थेंबही राहिला नाही असं पाहून मगच ती गेली.

संध्याकाळी हंसाबाईनं नवऱ्याला सांगितलं, ते पुस्तक वाहिदला देऊन टाका. पूनमसिंग म्हणाला, "उद्या कापसाची गाडी येणार हाय, परवा देतो. कायले घाई?" आणि खरंच, घाई कशाची ते तिलाही सांगता आलं नसतं.

७

दुसऱ्या दिवशी गाडी आलीच नाही. बैल लंगडला, असा निरोप आला. पूनमसिंग जीनवर गेला. जेवून रामी पुढच्या खोलीतच कापसाला टेकून झोपली. तिला तिथं ऊब वाटे. हंसाबाई दाराशी बसून धान्य निवडू लागली.

तिनं तबकडी लावली नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर पूनमसिंगनं तिला तेच पुन्हा पुन्हा विचारलं. तबकडी रामीनं लावली होती, पुढची, ठेक्याची. आणि ऐकता ऐकता तिचा डोळा लागला. ती संपली. पिन मधल्या जागी खरखरत राहिली. हंसाबाईला वाटलं, उठून उचलावी. पण ऊन छान पडलं होतं, पाय अवघडले होते, आणि रामी इतकी शांत झोपली होती.

खरखर थांबली. पियानो ठिबकू लागला.

हंसाबाईनं मान वळवली नाही. तबकडी उलट वाजत असेल, म्हणाली मनाशी. काहीतरी असेल.

सूर आला. खाली उतरला. शेवटी किंचित तुटला. आणि मग थांबणं आलं.

ते इतकं मोठं होतं, की सबंध दुपार त्यात मावली. तांड्यातलं कुत्रं भुंकत नव्हतं, जीनचं यंत्र ऐकू येत नव्हतं. पियानोसुद्धा थांबला होता. कोणीतरी दारात उभं आहे, लांबून आलं आहे, नाले ओलांडून, पाय चिखलानं भरलेले, आणि आई गप्प आहे, असं ते थांबणं होतं. हंसाबाईला जमनी दिसली. दिसली म्हणजे, ती दोन वर्षं जशी दिसत होती तशीच, मनात.

तिनं डोळे मिटले आणि उत्तर दिलं.

दोन वर्षांचं उत्तर होतं ते. सूप मांडीवरून सांडलं. ती उभी राहिली होती की नाही, तिला आठवत नाही. पण खांद्यावर भार आला. डोक्याचा भार, जसा असतो तसाच. पाठीवर हात आले. तिनंही हात पुढे केले आणि त्यात पाठ सापडली. ती रडली, थांबली. तिकडून सूर आला, अगदी कानाशी. ती पुन्हा रडली. जमनी, माझी बाय, नाले भरले होते गं, गाडी निघाली नाही गं. सगळं सांगून झालं. छातीतलं दार उघडलं आणि वारा आरपार गेला.

मग रीतीप्रमाणे तिनं डोळे पुसले आणि मागं न पाहता पाणी आणायला आत वळली.

रांजणातून तांब्या भरताना तिचे तळवे तिला दिसले. त्यांवर आरशांचे वळ नव्हते. मिठी सुटली की तळव्यांवर लाल ठिपके राहतात, प्रत्येक आईला माहीत असतं. हिच्या तळव्यांना लागलं होतं ते गुळगुळीत कापड. आणि तेव्हाच तिच्या ध्यानात आलं, की इतक्या वेळात एकही बांगडी वाजली नव्हती.

ती तांब्या घेऊन बाहेर आली. दारात ऊन होतं. कोणी नव्हतं. काय करावं ते न सुचून तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि गोठ्याकडे गेली, कारण घरात थांबण्याचं तिला धैर्य होईना.

८

दिवस कलताना ती परत आली तेव्हा रामी जागी होती. कापसाला टेकून बसली होती, चेहरा शांत. उंबऱ्यावरचा तांब्या रिकामा होता.

"पाणी?" हंसाबाईनं विचारलं.

"मी पेलो. लय तहान लागलती. तुनं ठेवलं होतं नं?"

हंसाबाई खाली बसली.

"तू कवा उठली?"

"तू रडून राह्यली होती तवा." रामीनं आईकडे पाहिलं नाही. "तुह्या पाठीवर हात होते. मले आधी वाटलं सोनीकाकी होय. मंग म्हणलं, काकीच्या बांगड्या कुठं गेल्या?"

"तोंड पाह्यलं?"

"तुह्या खांद्यात होतं." मग ती म्हणाली, "डोळे मिटलेले होते."

चुलीत अजून विस्तव नव्हता. खोली गार पडत होती.

"मले वाटलं जमनी आली," हंसाबाई म्हणाली.

"जमनी?" रामी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "आमी लहानपणी रडारडी खेळत होतो ते आठवते का तुले? जमनी कधी थांबलीच नाई. मले उत्तराले जागाच देत नव्हती. आपलंच रडे अन् आपणच हसे. ते जमनी कशी राहीन, याडी?" तिचा आवाज खाली आला. "अन् मी दारात आली तवा मले नाई देल्लं उत्तर. तिले देल्लं."

हंसाबाई सरकून जवळ आली. तिनं लेकीचा हात धरला. रामीनं तो सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

पूनमसिंग आला तो वाहिदला घेऊनच. पुस्तक आजच देऊन टाकू, असं त्याच्याही मनात आलं होतं. वाहिद म्हणाला, नेण्याआधी एकदा वाजवून पाहतो, चरे पडले असतील तर कळेल. हंसाबाई नको म्हणेपर्यंत त्यानं शेवटची तबकडी लावलीसुद्धा.

पियानो ठिबकू लागला. ठिबकत राहिला. वाहिद वाकून कान लावून बसला. पिन कडेपासून मध्यापर्यंत गेली, खरखरली. नुसता पियानो.

"अरे," तो म्हणाला, "गाणारी कुठं गेली?"

त्यानं साउंडबॉक्स काढून पाहिला, पिन बदलली, पुन्हा लावली. तेच. पियानो आपला वाजे, मधे जागा सोडी, पुन्हा वाजे. जसा आपण कोणाला बोलू देतो तसा.

"घिसली असंल," पूनमसिंग म्हणाला.

"घिसली तर दोनी घिसतील नं, भाऊ. एकटी बाई कशी घिसंल?"

हसण्यासारखं होतं. कोणी हसलं नाही. वाहिदनं आल्बम बगलेत मारला, पुठ्ठ्यावरच्या फोटोवर एकदा नजर टाकली, आणि सायकलवर बसताना तो पिशवीत उलटा, तोंड आत करून ठेवला.

रामी उठू लागली तेव्हा तिनं कंबरेला हात लावला. "याडी," ती म्हणाली, "सोनीकाकीले बोलाव."

हंसाबाई तिला आधार द्यायला वाकली, आणि तिची नजर कापसावर गेली. रामी जिथं टेकली होती तिथं तिच्या पाठीचा खळगा पडला होता. त्याच्याच शेजारी, अगदी चिकटून, दुसरा खळगा होता. अरुंद, लांबट. आणि तो अजून हळूहळू खोल होत होता.

तिनं रामीला काही दाखवलं नाही. पाठीमागून दोन्ही हातांनी धरून तिला आतल्या खोलीत नेलं, आणि मधलं दार ओढून घेतलं. त्या दाराला कडी नव्हती.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी, कापसाची गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा, रामी सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. सोनीबाईनं तिला उचलून धरलं तशी ती एकदाच रडली, एक लांब सूर, शेवटी किंचित तुटलेला, आणि थांबली. रामी आईकडे पाहत होती. मुलगी हंसाबाईनं उत्तर देईपर्यंत पुन्हा रडली नाही.